वाक्य तपासा, मग संकेतस्थळ: आंतरजालावरच्या खगोलमाहितीची पारख

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, दुर्बीण चालवली नाही. त्यामुळे आज तुम्हाला कृष्णविवराच्या पोटात काय असते हे सांगायला आम्ही उभे नाही. आजचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. आकाशाविषयी आपल्याला रोज काही ना काही सांगितले जाते, मोबाईलवर, व्हिडिओत, बातमीत. त्यातले काय धरावे आणि काय सोडावे? हा प्रश्न ज्ञानमीमांसेचा आहे, म्हणून त्यावर बोलण्याचा थोडासा अधिकार आम्हाला आहे असे समजतो.

सरळ एका उदाहरणापासून सुरुवात करू. २०२५ च्या जुलै महिन्यात एक दावा जगभर फिरला, आपल्याकडेही फिरला. २ ऑगस्ट २०२५ रोजी सूर्यग्रहण होणार आणि सगळे जग सहा मिनिटे अंधारात बुडणार, असा तो दावा. मजकुराखाली बहुधा 'नासा'चे नाव. आता बघा, हा दावा तपासायला काय लागते? इंग्रजी लागत नाही, दुर्बीण लागत नाही, नासाचे संकेतस्थळही लागत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका पुरे. सूर्यग्रहण फक्त अमावास्येला होऊ शकते, कारण चंद्र सूर्याच्या आड यायचा तर तो त्याच बाजूला असावा लागतो. २०२५ साली दीप अमावास्या २४ जुलैला झाली, नागपंचमी २९ जुलैला झाली. म्हणजे २ ऑगस्टला श्रावणाचा शुद्ध पक्ष मध्यावर आला होता आणि संध्याकाळच्या आकाशात अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र उघड दिसत होता. त्या दिवशी सूर्यग्रहण अशक्य. नागपंचमीची तारीख ठाऊक असणाऱ्या कोणत्याही आजींना हे सांगता आले असते. पण त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनाही वाटले नाही की आपल्या पदरी असलेले ज्ञान इथे कामाचे आहे.

गंमत अशी की हा दावा पूर्ण खोटाही नव्हता. २ ऑगस्ट २०२७ रोजी खरोखरच खग्रास सूर्यग्रहण आहे. त्या दिवशी अमावास्या आहे. इजिप्तमध्ये लक्सॉरच्या परिसरात खग्रास स्थिती सहा मिनिटे आणि वीसेक सेकंद टिकणार आहे, ही या शतकातल्या मोठ्या ग्रहणांपैकी एक गोष्ट. सावलीचा पट्टा साधारण अडीचशे किलोमीटर रुंद असेल आणि तो दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, सौदी अरेबिया, येमेन, सोमालिया असा जाईल. म्हणजे मूळ वाक्य खरे होते. त्यातले साल बदलले आणि 'एका अरुंद पट्ट्यात' हे शब्द गळून तिथे 'सगळ्या जगात' आले. दोनच फेरफार. बाकी तारीख तीच, मिनिटे तीच.

हे लक्षात ठेवा, कारण इथून आपल्याला पुढे जायचे आहे. खोटी खगोलमाहिती बहुतेक वेळा कोणी बसून रचलेली नसते. खऱ्या वाक्याचे हातपाय तोडून ती तयार होते.

याचा सगळ्यात जुना आणि चिवट नमुना म्हणजे मंगळाचा. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळजवळ साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता, ही गोष्ट खरी. त्या वेळी ई-मेलवर एक मजकूर फिरत होता. त्यात आशय असा होता की पंचाहत्तर पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिले तर मंगळ, नुसत्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र दिसतो तेवढा दिसेल. हे गणित बरोबर आहे! मंगळाचे बिंब तेव्हा सुमारे २५ विकलांचे होते. चंद्राचे बिंब साधारण ३१ कलांचे, म्हणजे १८६० विकलांचे. भागाकार करा, चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर येतो. पण हे एकच वाक्य दोन परिच्छेदांत तुटले होते, आणि पुढे पाठवताना पहिला तुकडा, दुर्बिणीचा, गळाला. उरले काय? 'मंगळ नुसत्या डोळ्यांना चंद्राएवढा दिसेल.' मग सालही गळाले. मग दर ऑगस्टला दोन चंद्र उगवू लागले.

याही दाव्याला वहीपेन्सिल पुरते. मंगळाचा व्यास चंद्राच्या जवळपास दुप्पट. तो चंद्राएवढा दिसायचा तर चंद्राच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे साडेसात लाख किलोमीटरवर यायला हवा. प्रत्यक्षात तो अगदी जवळ येतो तेव्हाही याच्या सत्तर पटींहून दूर असतो. शिवाय मंगळ आणि पृथ्वी दर सव्वीसेक महिन्यांनी एकमेकांच्या जवळ येतात, दर बारा महिन्यांनी नव्हे. तेव्हा 'दर ऑगस्टला' हे शब्दच आपला खोटेपणा सांगतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये तर मंगळ जवळजवळ सूर्याच्या पलीकडे होता, आणि लोक गच्चीवर जाऊन त्याला शोधत होते.

असो. आता यावर नेहमीचा उपदेश काय असतो? 'अधिकृत संकेतस्थळच पाहा. नासा, इस्रो, विद्यापीठ, यांच्यावरच विश्वास ठेवा.' हा उपदेश वाईट नाही. पण आमच्या मते तो अपुरा आहे, आणि कधीकधी घातकही आहे. का, ते सांगतो.

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. आता आप्त कोण? वात्स्यायनांनी भाष्यात जे लक्षण केले त्याचा सारांश असा: ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे ते म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखेच लागू आहे. किती मोठी गोष्ट आहे ही! आप्तपण कुळावर, पदावर, वेषावर अवलंबून नाही. ते त्या माणसाच्या त्या विषयाशी असलेल्या नात्यावर अवलंबून आहे. त्या विषयाशी, सगळ्या विषयांशी नव्हे. घरचा रस्ता विचारायचा असेल तर गावचा गुराखी आप्त आहे. औषध विचारायचे असेल तर नाही.

म्हणून 'अमुक संकेतस्थळ विश्वासार्ह आहे' असे म्हणणे न्यायाच्या दृष्टीने ढिसाळ आहे. प्रामाण्य वाक्याचे असते. एकाच संस्थेच्या एकाच पानावर चार वाक्ये असतात आणि चारही वाक्यांची जात वेगळी असते. त्यांच्यावर सारखाच विश्वास ठेवला तर आपली फसगत ठरलेली. खगोलातली वाक्ये साधारणपणे चार प्रकारांत मांडता येतात.

पहिला प्रकार गणिताच्या वाक्यांचा. ग्रहण कधी, कुठून दिसेल, युती कधी, पौर्णिमा कधी. ही वाक्ये जवळपास निःशंक मानावीत, कारण चंद्र-सूर्य-पृथ्वी यांची गती शतकानुशतके मोजली गेली आहे आणि भाकीत दर वेळी उघड्यावर तपासले जाते. ग्रहण मिनिटाच्या हिशेबाने लागते की नाही हे सगळ्या गावाला दिसते. इथे चूक लपवायला जागाच नाही. म्हणून या प्रकारात पंचांगाचे गणित, वेधशाळेचे गणित आणि नासाचे गणित जुळते. जे कुठल्याच गणिताशी जुळत नाही ते टाकून द्यावे.

दुसरा प्रकार मोजमापाच्या वाक्यांचा, ज्याला अनिश्चितता चिकटलेली असते. इथे आपली सर्वात जास्त फसगत होते, आणि ती खोटेपणामुळे होत नाही, हे नीट ऐका.

२७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीमधल्या एका सर्वेक्षण-दुर्बिणीला एक लघुग्रह सापडला. त्याला नाव मिळाले '२०२४ वायआर४'. आकार साधारण साठ मीटर. हिशेब केल्यावर दिसले की २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची अल्पशी शक्यता आहे. जानेवारीच्या शेवटी ही शक्यता एक टक्क्याच्या पुढे गेली. १८ फेब्रुवारी २०२५ ला ती ३.१ टक्के झाली. संभाव्य पट्टा प्रशांत महासागराच्या पूर्व भागापासून आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशियापर्यंत होता, त्यामुळे आपल्याकडच्या मथळ्यांत मुंबईचे नाव झळकले. आणि पुढच्या आठवडाभरात ती शक्यता नगण्य झाली.

मग लोक काय म्हणाले? एक गट म्हणाला, 'काहीतरी लपवतायत.' दुसरा म्हणाला, 'या शास्त्रज्ञांना काही कळत नाही, आज तीन टक्के, उद्या शून्य.' दोन्ही गट सुशिक्षित होते बरं का.

आता एक साधा दृष्टान्त घ्या. घरात किल्ली हरवली आहे. ती दहा जागांपैकी एका जागी नक्की आहे. सुरुवातीला प्रत्येक जागेची शक्यता दहा टक्के. तुम्ही पाच जागा शोधल्या, नाही सापडली. आता उरलेल्या प्रत्येक जागेची शक्यता वीस टक्के झाली. आणखी तीन शोधल्या, तरी नाही. आता उरल्या दोन, प्रत्येकी पन्नास टक्के. नववी जागा उघडली आणि किल्ली तिथे सापडली. दहाव्या जागेची शक्यता पन्नासवरून एकदम शून्य! मधल्या काळात कोणी खोटे बोलले का? कोणाची चूक झाली का? नाही. शोध नीट चालला होता म्हणूनच आकडा आधी चढला आणि मग कोसळला. लघुग्रहाचे अगदी असेच होते. निरीक्षणे वाढली की तो जिथून जाऊ शकेल तो पट्टा आखूड होत जातो. पृथ्वी त्या पट्ट्यात आहे तोवर तिचा वाटा वाढत जातो, आणि पट्टा आणखी आखडून पृथ्वी बाहेर पडली की वाटा संपतो.

तेव्हा मोजमापाच्या वाक्याबरोबर दोन गोष्टी मागाव्यात: आकडा कोणत्या तारखेचा आहे, आणि पुढचे निरीक्षण कधी येणार आहे. ज्या बातमीत ३.१ टक्के होते पण उरलेल्या ९६.९ टक्क्यांचा उल्लेख नव्हता, ज्या व्हिडिओत तारीख नव्हती, 'मुंबई संपणार?' असे प्रश्नचिन्ह तेवढे होते, तिथे आकडा खरा असूनही वाक्य अविश्वसनीय होते. प्रश्नचिन्ह ही आजकाल मोठी सोय झाली आहे. विधान केल्याचा फायदा मिळतो आणि विधानाची जबाबदारी मात्र टळते.

तिसरा प्रकार अर्थ लावणाऱ्या वाक्यांचा. उपकरणाला काहीतरी दिसले, हे एक. ते अमुक गोष्टीमुळे दिसले, हे दुसरे. या दोहोंमध्ये मोठी दरी असते, आणि अधिकृत संस्थाही कधीकधी ती घाईने ओलांडतात. म्हणून आम्ही मघाशी तो उपदेश अपुरा म्हणालो.

१७ मार्च २०१४ रोजी अमेरिकेत एक पत्रकार परिषद झाली. दक्षिण ध्रुवावरच्या 'बायसेप-२' या दुर्बिणीने विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींची खूण टिपली, असे जाहीर झाले. संस्था नामांकित, माणसे प्रामाणिक, उपकरण उत्तम. त्या दिवसाचा एक व्हिडिओही गाजला: या सिद्धान्ताच्या शिल्पकारांपैकी एक, आंद्रे लिंडे, यांच्या दारात सहकारी बातमी घेऊन जातो आणि मग शॅम्पेन उघडली जाते. पाहताना कोणाच्याही डोळ्यांत पाणी यावे. पण काही महिन्यांत 'प्लांक' उपग्रहाची मोजमापे आली आणि २०१५ च्या सुरुवातीला दोन्ही गटांनी मिळून केलेल्या विश्लेषणात दिसले की त्या खुणेला पुरेसा आधार नाही. आपल्याच आकाशगंगेतली धूळ तसा प्रकाश देत होती. उपकरणाला दिसले ते खरे होते. त्याचा लावलेला अर्थ टिकला नाही. शॅम्पेनचा व्हिडिओ जितक्या लोकांपर्यंत पोहोचला तितक्यांपर्यंत धुळीची बातमी पोहोचली, असे म्हणवत नाही.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी 'लायगो'च्या यंत्रांना गुरुत्वीय लहर जाणवली. दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेली. त्यांनी जाहीर कधी केले? ११ फेब्रुवारी २०१६ ला. जवळपास पाच महिने ते तपासत बसले. खूण एका यंत्रात दिसली नव्हती, एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर असलेल्या दोन यंत्रांत दिसली होती. आणि घोषणेच्या दिवशीच इतर तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध सर्वांसमोर ठेवला. त्याच जातीचे यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभे राहायचे आहे, म्हणून हे उदाहरण आपल्याला दूरचे वाटू नये. उद्या तिथून बातम्या येतील तेव्हा आपण हेच विचारायचे आहे: एकाच यंत्राला दिसले की दुसऱ्यालाही? शोधनिबंध आधी की पत्रकार परिषद आधी? दुसरे कारण असू शकेल का, याचा विचार सांगणाऱ्यांनीच केला आहे का?

याच प्रकारात चित्रेही येतात. आपण म्हणतो, 'फोटो आहे, मग खोटे कसे असेल?' पण चित्र हेसुद्धा एक विधानच असते, आणि त्याचे व्याकरण वाचावे लागते. दर दिवाळीला एक रंगीबेरंगी नकाशा येतो, 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून भारत'. तो एका रात्रीचा फोटोच नाही. अमेरिकी हवामान उपग्रहांनी अनेक वर्षे टिपलेल्या रात्रीच्या दिव्यांचा तो जोडनकाशा आहे. पांढरा रंग १९९२ च्या आधीचे दिवे, निळा १९९२ चे, हिरवा १९९८ चे, लाल २००३ चे. शहरे कशी पसरत गेली हे दाखवण्यासाठी हे रंग दिलेले आहेत. नासाने २०१२ साली खऱ्या दिवाळीच्या रात्रीचे उपग्रहचित्र प्रसिद्ध केले. त्यात भारत नेहमीच्या रात्रीसारखाच दिसतो, कारण पणत्यांचा जादा उजेड अवकाशातून जाणवण्याइतका नसतो. आम्हाला विचाराल तर मूळ नकाशा दिवाळीच्या कल्पनेपेक्षा अधिक विलक्षण आहे. एका दशकात देशाच्या कोणत्या कोपऱ्यात वीज आणि वस्ती पोहोचली याची ती नोंद आहे. 'दिवाळी' हा एक शब्द चिकटवला आणि ती सगळी नोंद पुसली गेली. खोट्या माहितीने होणारे नुकसान असे असते: खोटे पदरात पडते ते पडतेच, शिवाय खरे हातातून जाते.

चौथा प्रकार मतभेदाच्या वाक्यांचा. विश्वाची उत्पत्ती, त्याचा शेवट, कृष्णऊर्जा म्हणजे काय. इथे आपल्या मराठी माणसाच्या मनात एक नाव येणारच. जयंत नारळीकर. पुण्याच्या आयुकाचे संस्थापक-संचालक, मराठी वाचकाला विज्ञानाची गोडी लावणारे लेखक. या नारळीकरांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर स्थिर-स्थिती विश्वाच्या बाजूने काम केले. १९९३ साली हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्याचे नवे, सुधारलेले रूप मांडले. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ मात्र महास्फोटाच्या बाजूचे. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना सापडलेले सूक्ष्मतरंगांचे पार्श्वप्रारण हा त्या बाजूचा मोठा पुरावा.

मग सामान्य श्रोत्याने काय करायचे? आमच्यासाठी आप्त कोण, नारळीकर की इतर? या प्रश्नाला घाबरण्याचे कारण नाही. प्रत्येक शास्त्रात एक भाग पक्का झालेला असतो आणि एक भाग अजून वादात असतो. वादातल्या भागात मोठ्या माणसाचे मत हे त्याचे मत म्हणून ऐकावे आणि दुसरी बाजू काय म्हणते तेही ऐकावे. नारळीकरांचे मोठेपण ते बहुमताविरुद्ध उभे राहिले यात नाही. आपला विरोध त्यांनी गणितात आणि निरीक्षणांत, इतर तज्ज्ञांना तपासता येईल अशा शोधनिबंधांत मांडला, यात ते आहे. आता याच्याशी २०२२ सालच्या त्या मथळ्यांची तुलना करा. जेम्स वेब दुर्बिणीची पहिली चित्रे आली. विश्वाच्या बालपणीच्या काही दीर्घिका अपेक्षेपेक्षा तेजस्वी आणि घडलेल्या दिसल्या. लगेच मथळे आले, 'महास्फोट झालाच नाही.' निरीक्षणाने धक्का दिला होता तो दीर्घिका किती लवकर घडतात या हिशेबाला. विश्व प्रसरण पावते आहे, या गोष्टीला नाही. अंगणातले झाड अपेक्षेपेक्षा लवकर वाढले म्हणून बी पेरलेच नव्हते असे कोणी म्हणत नाही.

हे चार प्रकार झाले. यांत न बसणारे काही उरते का? उरते. ज्या वाक्याला कुठली जातच नाही असे वाक्य. 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन घातक वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाईल बंद करून लांब ठेवा.' हा संदेश तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचला असेल. यातली 'आज' कोणती? साडेबारा कुठले, मुंबईचे की लंडनचे? किरण कशातून निघाले, कोणत्या यंत्राने टिपले? काहीच नाही. सकाळी उठून काही झाले नसेल तर 'फोन बंद ठेवला म्हणून वाचलो' म्हणायचे. म्हणजे हे वाक्य कधीच चूक ठरू शकत नाही, आणि तेच त्याचे अप्रामाण्य. वैश्विक किरण १९१२ मध्ये व्हिक्टर हेस यांनी फुग्यातून वर जाऊन शोधले. ते रोज, दिवसरात्र येतात. त्यांतून वातावरणात तयार झालेले म्यूऑन नावाचे कण आत्ता, हे ऐकत असताना, तुमच्या तळहातातून सेकंदाला साधारण एक या प्रमाणात आरपार जात आहेत. ही वस्तुस्थिती त्या संदेशापेक्षा रंजक नाही का?

नैयायिकांनी शब्दाचे दोन भाग केले: ज्याचा अर्थ इथे पडताळता येतो तो, आणि ज्याचा येत नाही तो. आणि ज्ञानाचे खरेपण त्यांनी ज्ञानाच्या पोटातच आहे असे मानले नाही. समोर पाणी दिसले, तिथे गेलो, तहान भागली, तर ते ज्ञान खरे. खगोलाच्या माहितीला हीच कसोटी लावा. या वाक्याने मला कुठे जाऊन, केव्हा, काय पाहायला सांगितले आहे? सांगितलेच नसेल तर ते कितीही मोठ्या नावाने आले असले तरी थांबा. आणि दुसरे: हे वाक्य चुकले तर चुकले असे कोण सांगेल? बायसेपची चूक खगोलशास्त्रज्ञांनीच दाखवली आणि बायसेपच्या लोकांनी त्या विश्लेषणावर सही केली. मंगळाच्या ई-मेलची चूक त्या ई-मेलच्या कर्त्याने कधीच सांगितली नाही, कारण त्याला कर्ताच नव्हता.

कोणी म्हणेल, 'सर, एवढा खटाटोप कशाला? मंगळ चंद्राएवढा वाटला तर कोणाचे काय बिघडते?' बिघडते. आकाशाविषयीचे आपले जवळजवळ सगळे ज्ञान शब्दप्रमाणावर उभे आहे. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, हे इथल्या किती जणांनी मोजले? कोणीच नाही. आपण सांगणाऱ्यावर विसंबतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण हे विसंबणे एकदा मोडले की माणूस दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर सगळेच खरे मानतो, नाही तर सगळेच खोटे. दुसरे टोक शहाणपणासारखे दिसते, म्हणून ते अधिक धोक्याचे. 'आम्ही कशावरच विश्वास ठेवत नाही' असे म्हणणारा माणूस खरोखर धोका आला त्या दिवशीही ऐकणार नाही.

शिवाय भीतीचा एक जुना हिशेब आहे. १६ फेब्रुवारी १९८० रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. कर्नाटकापासून ओडिशापर्यंत सावली गेली. त्या दुपारी अनेक शहरांतले रस्ते ओस पडले होते, लोक दारेखिडक्या लावून बसले होते. त्यात एक खरी सूचना होती, की सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नका, डोळ्याच्या पडद्याला इजा होते. बाकीची भीती होती. खरी सूचना आणि खोटी भीती यांची मोळी एकत्र बांधली गेली आणि माणसे दोन्ही घेऊन घरात बसली. आयुष्यात एकदा मिळणारे दृश्य दाराबाहेर घडून गेले.

तशी वेळ पुन्हा येते आहे. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण पश्चिम भारतातून दुपारी उशिरा खंडग्रास दिसेल, पावसाळी ढगांनी मेहेरबानी केली तर. त्याआधी महिनाभर संदेश सुरू होतील: गर्भवतींनी अमुक करू नये, जग अंधारात बुडणार, नासाचा इशारा. या वेळी तारीख खरी असेल, तिथीही जुळेल, म्हणून दिनदर्शिकेची पहिली चाळणी त्यांना अडवणार नाही. तेव्हा वाक्य फोडून पाहावे लागेल. त्यात गणित कोणते, मोजमाप कोणते, लावलेला अर्थ कोणता आणि नुसती भीती कोणती? गणित घ्या, म्हणजे आपल्या गावी ग्रहण किती वाजता लागते आणि सुटते ते पाहून ठेवा. डोळ्यांची सूचना घ्या, प्रमाणित ग्रहणचष्मा आणा किंवा पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडा. घरातल्या सुनेला, लेकीला उपाशी किंवा कोंडून ठेवू नका, तिलाही बाहेर बोलावून तो पुठ्ठा हातात द्या. आणि पुठ्ठ्यातून पडलेली ती कुरतडलेली सूर्यकोर सांगितलेल्या वेळेला दिसली की मुलांना एवढेच सांगा: हे आधी कोणीतरी गणित करून सांगितले होते, आणि ते आपण आत्ता पडताळले.

आता प्रश्न असतील तर घेऊ.